चकत्या वाळू द्या

डॉक्टरांना डॉक्टर म्हणायचं की नाही, यावर त्यांच्या इमारतीत एकदा चांगलीच चर्चा झाली होती. झालं असं, की दारावरची पाटी वाचून तळमजल्यावरचे शिंपी एका सकाळी जिन्यात आडवे आले आणि सदरा वर करून पाठीवरचा नायटा दाखवू लागले. डॉक्टर मागे सरकले. नायटा त्यांना नवा नव्हता. तो ज्या बुरशीने होतो तिच्यासोबत त्यांनी उभं आयुष्य काढलं होतं, पण ते काचेच्या बशीत. जिवंत माणसाच्या पाठीवर ती अशी ऐसपैस बसलेली बघून त्यांना घामच फुटला. "सुती कपडे घालत जा," एवढं बोलून ते सटकले. आता शिंप्याला कपड्यांचा सल्ला देणं म्हणजे कमालच झाली! संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीला कळलं, की हे औषधाचे डॉक्टर नाहीत, बुरशीचे आहेत.

"म्हणजे बुरशी आजारी पडली तर यांच्याकडे आणायची," बायकोने शेजारणीला समजावून सांगितलं.

खरं तर काम नेमकं उलट होतं. औषधी म्हणून ख्याती असलेली झाडं गोळा करायची, त्यांची पानं, मुळं, साली वाळवून कुटायच्या, स्पिरिटसारख्या जहाल द्रावकात भिजवून अर्क काढायचा आणि माणसाच्या कातडीला, नखांना लागणाऱ्या बुरशीवर तो चालतो का ते बघायचं. बघायची रीतही सोपी. काचेच्या बशीत जेलीसारखा थर, थरावर बुरशी पसरलेली. कागदाची टिकलीएवढी चकती अर्कात भिजवायची, वाळवायची, बशीत मधोमध ठेवायची आणि बशी उबेच्या कपाटात सरकवायची. अर्कात दम असेल तर चकतीभोवती बुरशी फिरकत नाही, स्वच्छ वर्तुळ पडतं. दम नसेल तर बुरशी चकतीवर चढून पांढरी गादी घालून आरामात पसरते.

डॉक्टरांच्या बशांमध्ये वर्षानुवर्षं गाद्याच पडत आल्या होत्या. एखाद्या पानाने नखभर वर्तुळ दाखवलं, तर पुढच्या वेळी तेच पान साफ तोंडघशी पाडायचं. दर अहवालाच्या शेवटी डॉक्टर लिहायचे, 'अधिक संशोधनाची गरज आहे.' हे वाक्य लिहायला आता त्यांना विचारही करावा लागत नसे. गंमत म्हणजे बुरशी वाढवण्यात मात्र त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. दुसऱ्या कुणाची बशी रुसली, त्यात काही उगवेना, की ती डॉक्टरांकडे यायची आणि त्यांच्या हातून बघता बघता फोफावायची. मारायला ठेवलेला माणूस जगवण्यात पटाईत निघाला, असं ते स्वतःच चहाच्या वेळी सांगायचे आणि सगळ्यांच्या आधी हसायचे.

घरी हसायची सोय नव्हती. न्हाणीघराच्या कोपऱ्यात काळी बुरशी चढली होती आणि बायको रोज अंघोळीहून आली की म्हणायची, "ही मारून दाखवा, मग मी तुम्हाला डॉक्टर म्हणेन." डब्यात विसरलेली पोळी हिरवी झाली की डॉक्टर ती उजेडात धरून बघायचे आणि म्हणायचे, "थांब, टाकू नकोस, दोन दिवस बघू." मग बायको ती पोळी त्यांच्या हातातून घेऊन त्यांच्या देखत केरात टाकायची.

आणि एक गोष्ट बायकोखेरीज कुणाला माहीत नव्हती. डॉक्टरांच्या दोन्ही पायांच्या अंगठ्यांची नखं पिवळी, जाड आणि खडबडीत झाली होती. कशाने, ते सांगायला सूक्ष्मदर्शक नको होता. ज्या बुरशीवर ते व्याख्यानं द्यायचे तीच बाईसाहेब त्यांच्या नखांत सुखाने नांदत होती. ते चोवीस तास मोजे घालायचे. एकदा घरचे सगळे समुद्रावर गेले, तर हे वाळूत मोजे घालून फिरले आणि विचारलं तर म्हणाले, पायाला वारा बाधतो. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे जायला बायकोने किती वेळा सुचवलं. पण तिथे 'तुम्ही काय काम करता?' असं विचारलं तर काय सांगायचं? या कल्पनेनेच त्यांचे कान तापायचे.

तर असे हे डॉक्टर. आणि त्यांना या धंद्याला लावलं ते त्यांच्या आत्याने.

आत्या मागच्याच गल्लीत राहायची. डॉक्टरांची आई नोकरीला जायची, म्हणून त्यांचं बालपण आत्याच्या अंगणातच गेलं. गल्लीतल्या पोरांचे पाय ओल्यात खेळून खेळून बोटांच्या बेचक्यात कुजायचे, खाज सुटायची, आणि सगळी वरात आत्याच्या पायरीशी यायची. ती एकेकाला पुढ्यात घ्यायची, घमेल्यात पाय धुवायची, जुन्या मऊ फडक्याने बेचकं न् बेचकं पुसायची, तासभर उन्हात बसवायची आणि मग फुटक्या बादलीत लावलेल्या झुडपाचा पाला वाटून चोळायची. कुणी हललं की चापट. झुडपाला नाव होतं की नाही देव जाणे, ती त्याला नुसतं 'पाला' म्हणायची. पोरं बरी व्हायची. 'तिच्या हाताला गुण आहे' म्हणून आत्याची कीर्ती चार गल्ल्या पसरली होती. पाल्यात असं काय असेल, हे लहानग्या डॉक्टरांच्या डोक्यात तिथे शिरलं ते कायमचं.

मग इतक्या वर्षांत त्यांनी आत्याचा पाला तपासला कसा नाही? डोंगरमाथ्यावरची झुडपं आणली, दलदलीतली शेवाळं आणली, आणि घरामागची फुटकी बादली राहिली! कुणी विचारलं तर डॉक्टर म्हणायचे, वेळच झाला नाही. वेळ भरपूर होता. भीती होती. तिच्याही पाल्यावर गादी पडली तर?

आता आत्या थकली होती. तिला मधुमेह होता, आणि ज्या आत्याने सगळ्या गल्लीच्या बोटांची बेचकी बरी केली तिच्याच पायाच्या बेचक्यात भेग पडली. कंबर वाकत नव्हती, त्यामुळे स्वतःच्या पायापर्यंत तिचा हात पोचत नव्हता, आणि हे सांगायला तिला कमीपणा वाटायचा. अंघोळ झाली की ओल्या पायांवरच ती पाला कसाबसा थापायची. डॉक्टरीणबाईंनी तपासून स्पष्ट सांगितलं, "बुरशी आहे. गोळ्या आणि मलम नेमाने घ्या. साखर आहे तुम्हाला, भेग चिघळली तर पायावर बेतेल."

आत्याने गोळ्या खणात टाकल्या. "उभा जन्म लोकांना पाला लावला आणि आता मी गोळ्या खाऊ? लोक काय म्हणतील?"

"लोक गेले खड्ड्यात, आत्या! पायाचं बघ."

आत्याने त्यांच्याकडे रोखून बघितलं. "बाळ," ती म्हणाली. डॉक्टरांचे केस पांढरे झाले होते तरी तिच्या लेखी ते बाळच होते. "तुझ्या त्या बशांत माझा पाला घाल. तुझी बशी नाही म्हणाली तर मी मुकाट्याने गोळ्या घेते. हो म्हणाली तर पुन्हा गोळ्यांचं नाव काढायचं नाही. तुझा शब्द शेवटचा."

जगात डॉक्टरांचा शब्द शेवटचा मानणारं एकच माणूस होतं, ते हे.

डॉक्टरांनी पाला आणला, वाळवला, कुटला, अर्क काढला. प्रयोगशाळेच्या भिंतीवर त्यांनीच मोठ्या अक्षरांत लिहून लावलेली पाटी होती: 'चकत्या वाळल्याशिवाय बशीत ठेवू नयेत.' कारण अर्कातलं द्रावक मुळात जहाल असतं. ते नीट उडून गेलं नाही तर बुरशी द्रावकानेच मरते आणि श्रेय झाडाला मिळतं. या चुकीवरून त्यांनी किती जणांना फैलावर घेतलं होतं! एका विद्यार्थ्याला तर ते म्हणाले होते, "एवढी घाई असेल तर नाटकात जा, इथे कशाला आलास?" आणि आज तेच डॉक्टर चकत्यांवर अर्काचे थेंबावर थेंब सोडत होते. अजून एक, अजून एक, आत्यासाठी अजून एक.  आयुष्यात पहिल्यांदा त्यांना एखादा अर्क जिंकावा असं मनापासून वाटत होतं. चकत्या निथळत होत्या. त्यांनी त्या तशाच उचलल्या आणि बशांत ठेवल्या. तुलनेसाठी नुसत्या द्रावकाची चकती लागते, ती त्यांनी डबीतून काढली. ती केव्हाच वाळून खडखडीत झालेली होती.

बुरशीला वाढायला लागतात तेवढे दिवस देऊन कपाट उघडलं, तर काय! पाल्याच्या चकतीभोवती हे एवढं स्वच्छ वर्तुळ! बाकी बशीभर गादी आणि मधे अंगण सारवल्यासारखं लखलखीत. डबीतल्या चकतीवर बुरशी चढलेली. डॉक्टरांना खुर्ची सापडेना. हातातली बशी त्यांनी साहेबांना दाखवली, शिपायाला दाखवली, चहावाल्यालाही दाखवली. मग आत्याला फोन लावला आणि ओरडलेच, "आत्या, जिंकलीस! तुझ्या पाल्याने सगळ्यांना मागे टाकलं!"

 पलीकडून ती बारीक आवाजात म्हणाली, "खरंच का रे?" आणि रडायला लागली. डॉक्टरही रडले. घरी जाताना त्यांनी सत्काराच्या भाषणाची पहिली ओळ जुळवली आणि दुकानातून नवे मोजे घेतले.

प्रयोगशाळेत त्यांच्या शेजारच्या टेबलावर एक जुन्या सहकारी होत्या. त्यांचं प्रत्येक वाक्य 'पण'ने सुरू व्हायचं, म्हणून त्यांना सगळे मागे 'पणबाई' म्हणायचे. पणबाईंनी बशी हातात घेतली, फिरवली, नाकाजवळ नेली.

"पण डॉक्टर, वाळवल्या केव्हा? त्या दिवशी तर तुम्ही लगेच घरी गेलात."

"वाळवल्या म्हणजे... वाळल्याच असतील ना!"

"पण असतील म्हणजे?"

डॉक्टर चिडले. मत्सर वाटतोय बाईंना, असं मनात म्हणाले. त्यांची चिडचिड जेवणाच्या सुट्टीपर्यंतच टिकली. त्यांनी पुन्हा चकत्या केल्या. या वेळी नीट वाळवल्या. शिवाय काही चकत्या नुसत्या द्रावकात बुडवून निथळत्याच ठेवल्या. मग वाट बघितली.

कपाट उघडलं तेव्हा पणबाई शेजारी उभ्या होत्या. पाल्याच्या वाळलेल्या चकत्यांवर बुरशीने गादी घातली होती, तीही चांगली जाडजूड. आणि नुसत्या द्रावकाच्या ओल्या चकत्यांभोवती तीच सुंदर, स्वच्छ, लखलखीत वर्तुळं होती. पणबाईंनी भिंतीवरच्या पाटीकडे बघितलं, मग डॉक्टरांकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच काही बोलल्या नाहीत. डॉक्टरांना वाटलं, त्या 'पण' म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं.

जग जिंकायचं राहू द्या. साहेबांना सांगायचं, शिपायाला सांगायचं, चहावाला तर स्वतःहून विचारणार. ते सगळं डॉक्टर सोसायला तयार होते, हसं करून घ्यायची त्यांना सवय होती. पण आत्याने गोळ्या खणातच ठेवल्या होत्या. त्यांच्या शब्दावर.

घरी बायको म्हणाली, "कशाला म्हातारीचं मन मोडता? सांगा, पाला बाहेरून आणि गोळ्या पोटातून, दोन्ही चालू दे." डॉक्टरांना ते एकदम पटलं. पटणारच, त्यात स्वतःची चूक कबूल करावी लागत नव्हती. त्यांनी लगेच फोन केला.

"आत्या, पाला लाव, पण जोडीला गोळ्याही घे हं."

"पाला चालतो ना?"

"हो... म्हणजे..."

"मग गोळ्या कशाला? ठरलंय आपलं. तुझा शब्द शेवटचा," असं म्हणून आत्याने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर मागच्या गल्लीत गेले. आत्या पलंगावर बसली होती, पाय चादरीखाली. त्यांना बघून तिचा चेहरा उजळला. शेजारीपाजारी तिने सांगून ठेवलं होतं, हे त्यांना गल्लीत शिरतानाच कळलं होतं. वाटेत दोघा शेजाऱ्यांनी त्यांचं अभिनंदनही केलं होतं.

"पाय दाखव," डॉक्टर म्हणाले.

"आधी चहा घे."

"आत्या, पाय."

तिने नाइलाजाने चादर सरकवली.  भेग रुंदावली होती, तिच्यावर पाल्याचा ओला हिरवा लगदा बसला होता आणि लाली बोटांवरून पाऊलभर चढत आली होती. पाऊल सुजून तकतकीत झालं होतं.

"पाला जोर धरतोय, म्हणून लाल झालंय," आत्या म्हणाली, पण तिचा तिलाच भरवसा नव्हता.

डॉक्टर पलंगाजवळ खाली बसले. आयुष्यभर पाठ केलेली सगळी वाक्यं जिभेवर गोळा झाली. कदाचित पाण्यातला अर्क वेगळं दाखवेल. कदाचित पान जून झालं असेल. अधिक संशोधनाची गरज आहे. त्यातलं एकही त्यांनी उच्चारलं नाही.

"आत्या, मी चुकलो. चकत्या वाळवल्याच नाहीत मी. बुरशी मेली ती द्रावकाने, पाल्याने नाही. पुन्हा नीट करून बघितलं. पाल्यात काही नाही."

"काहीच नाही?"

"बुरशी त्याच्यावर चढून बसली."

आत्या खिडकीतून त्या फुटक्या बादलीकडे बघत राहिली. डॉक्टरांना वाटलं, आता ती रागावेल, आणि रागावली असती तर किती हलकं वाटलं असतं. पण ती हळूच म्हणाली, "म्हणजे मी तुला, तुझ्या बापाला, सगळ्या पोरांना उगाचच चोळत बसले? मग तुम्ही बरे कसे झालात रे?"

"तू पाय धुवायचीस. बेचकी कोरडी करायचीस. बुरशीला ओल लागते, ती तू ठेवायचीच नाहीस. बरंचसं काम तिथेच व्हायचं."

"हं! पुसण्यात काय मोठं? पुसतं कुणीही."

"कुणीही नाही पुसत, आत्या," डॉक्टर म्हणाले.

आत्याने त्यांच्याकडे निरखून बघितलं. मग खण उघडून गोळ्यांचं पाकीट काढलं आणि उशीवर ठेवलं. "ठरलं ते ठरलं. घेते," ती म्हणाली. "मलमही आहे तिथे. पण माझा हात पोचत नाही खाली. कुणाला सांगणार?"

डॉक्टरांनी कोपऱ्यातलं घमेलं आणलं. इतकी वर्षं ज्या बुरशीला त्यांनी हातमोजे घालून, चिमट्याने, काचेआडून हाताळलं, ती आता आत्याच्या पायावर त्यांच्या उघड्या हातांत होती. त्यांनी कोमट पाण्याने हिरवा लगदा अलगद सोडवला, पाय फडक्यावर घेतला, वरवर टिपला आणि मलमाचं झाकण उघडलं.

"थांब!" आत्या कडाडली. "बोटांच्या मधे कोण पुसणार? ओल आहे अजून. आधी वाळू दे, मग लाव. एवढी कसली घाई तुला?"

डॉक्टरांचे हात थांबले. त्यांना हसू आलं, मग ते आवरेना, आणि मग ते हसू आहे की दुसरं काही, हे त्यांचं त्यांनाच कळेना.

"दात काढायला काय झालं?"

"काही नाही. वाळू देतो."

त्यांनी एकेक बेचकं पुसलं, फडकं बदललं, पुन्हा पुसलं. मग पाय उन्हाच्या पट्ट्यात ठेवून दोघं बसून राहिली. पाय पूर्ण कोरडा झाल्यावर डॉक्टरांनी मलम लावलं, हात धुतले आणि म्हणाले, "लाली चढलीय, हे नुसत्या मलमावर सोडायचं नाही. आत्ताच डॉक्टरीणबाईंकडे जायचं. मी फोन करून नंबर लावतो."

"लाव," आत्या म्हणाली. "आणि आता तू मोजे काढ."

"मी? माझं काय?"

"बाळ, लहानपणापासून तुझे पाय मी धुतलेत. तू समुद्रावर मोजे घालून फिरलास, हे तुझ्या बायकोने मला तेव्हाच सांगितलं. काढ."

डॉक्टरांनी दाराकडे बघितलं. दार लोटलेलं होतं. त्यांनी नवे मोजे एकेक करून उतरवले आणि दोन्ही पाय उन्हाच्या पट्ट्यात आत्याच्या पायाशेजारी ठेवले. आत्याने वाकता येईल तेवढं वाकून नखं बघितली, कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "दोघांचा नंबर लाव."